पाच तुझी, पाच माझी

जुनी जोडी पुन्हा एकत्र येणार, अशी बातमी आली की रसिकाला आनंद होतो आणि थोडी धास्तीही वाटते. कारण बहुतेक वेळा पदरात पडतं ते जुनंच: तीच गाणी, तोच क्रम, फक्त तिकिटांचे दर नवे. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या ‘गो-बिटवीन्स’ या बँडचा २००० साली निघालेला ‘द फ्रेंड्स ऑफ रेचेल वर्थ’ हा अल्बम मला मोलाचा वाटतो. बारा वर्षांनी आलेल्या या अल्बममध्ये जुन्या पुण्याईवर जगणं नाही.

रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन यांची गाठ पडली ती ब्रिस्बेनमध्ये, क्वीन्सलंड विद्यापीठात. फॉर्स्टरला बँड काढायचा होता. मॅक्लेननला एकही वाद्य येत नव्हतं. त्याचा जीव सिनेमात आणि पुस्तकांत. पण फॉर्स्टरला वाजवणाऱ्यापेक्षा मित्र हवा होता. त्यानं मित्राला बास गिटार शिकवली आणि १९७७च्या अखेरीस बँड उभा राहिला.

जोडी म्हटली की आपल्याला गदिमा आणि बाबूजी आठवतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची. या दोघांचा संसार निराळा होता. दोघंही शब्द लिहीत, दोघंही चाली बांधत आणि बहुधा आपलं गाणं आपणच गात. फॉर्स्टरचं गाणं तिरकस, बोलल्यासारखं. मॅक्लेननचं गोड, हळवं, चटकन ओठांवर बसणारं. मॅक्लेननचे वडील तो लहान असतानाच गेले. त्या बालपणावर, क्वीन्सलंडच्या उसाच्या रानांवर त्यानं १९८३ साली ‘कॅटल अँड केन’ हे गाणं केलं. ऊस पाहत वाढलेल्या आपल्याकडच्या कुणालाही ते परकं वाटू नये.

ऐंशीच्या दशकात सहा अल्बम निघाले. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. विक्रीनं मात्र कधी साथ दिली नाही. शेवटचा ‘सिक्स्टीन लव्हर्स लेन’ १९८८चा. पुढच्याच वर्षी दोघांनी बँड मोडला.

मैत्री मात्र तुटली नव्हती. नव्वदच्या दशकात प्रत्येकानं स्वतंत्रपणे चार अल्बम केले. फॉर्स्टरनं जर्मन मुलीशी लग्न केलं, काही काळ तिकडेच राहिला. अधूनमधून दोघं एका मंचावर येत. पण मित्राच्या घरी जेवायला जाणं वेगळं आणि पुन्हा एका चुलीवर स्वयंपाक करणं वेगळं! १९९९मध्ये जुन्या निवडक गाण्यांचा संग्रह निघाला, त्यासाठी दोघं गिटार घेऊन दौऱ्यावर गेले आणि त्यातून नव्या अल्बमचं ठरलं.

ध्वनिमुद्रण झालं अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात. साथीला होत्या ‘स्लीटर-किनी’ या तिथल्या बँडमधल्या मुली, वयानं बऱ्याच लहान, आणि बासवर अॅडेल पिकव्हान्स. जुन्या बँडच्या ड्रमवादक लिंडी मॉरिसन आणि व्हायोलिनवादक अमांडा ब्राउन यात नाहीत. म्हणजे पुनर्मीलन दोघांचं होतं, साऱ्या घराचं नव्हतं. ती रुखरुख अल्बम ऐकताना मला जाणवते. ‘सिक्स्टीन लव्हर्स लेन’मधल्या व्हायोलिनची आठवण येते.

गाणी दहा. पाच फॉर्स्टरची, पाच मॅक्लेननची. एवढ्या वर्षांत कुणाचं नाव किती मोठं झालं, याचा हिशेब नाही. भावाभावांत शेत वाटावं तशी सरळ निम्मी वाटणी. सुरुवात मॅक्लेननच्या ‘मॅजिक इन हिअर’नं. मग फॉर्स्टरचं ‘सर्फिंग मॅगझिन्स’ येतं. समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या मुलांची मासिकं चाळत आपणही तसं जगावं, हे पोरवयातलं स्वप्न. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं ते गायलं की हसू येतं आणि आत कुठेतरी टोचतंही. कुणी तरुण असल्याचा आव आणत नाही. गिटारी साध्या, आवाज थोडे पिकलेले. दोन माणसं आपापल्या वाटेनं जगून आली आहेत आणि एकमेकांना पाहिलेलं सांगताहेत, असं मला ऐकू येतं.

पुढे २००३मध्ये एक आणि २००५मध्ये ‘ओशन्स अपार्ट’ हा अल्बम आला. या शेवटच्याला ऑस्ट्रेलियाचा ‘आरिया’ पुरस्कार मिळाला. बँड सुरू झाल्याला तोवर सत्तावीस वर्षं उलटली होती. आणि ६ मे २००६ रोजी मॅक्लेनन ब्रिस्बेनच्या राहत्या घरी झोपेतच गेला. वय अवघं अठ्ठेचाळीस.

पोर्टलंडला जायचं त्यांनी आणखी पाच-सहा वर्षं लांबणीवर टाकलं असतं तर? ‘जमेल केव्हातरी’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्या दोघांनी ते म्हटलं नाही, म्हणून तीन अल्बम जगाच्या हाती आले.

फॉर्स्टरनं २००८मध्ये ‘द इव्हँजेलिस्ट’ हा अल्बम केला. त्यातली तीन गाणी मित्राच्या मागे राहिलेल्या चालींवरची. या वेळी पाच-पाच जमणार नव्हतं, पण वाटा त्यानं ठेवला. ब्रिस्बेन शहरानंही ठेवला. २०१०मध्ये तिथल्या नदीवर एक नवा पूल वाहतुकीला खुला झाला. त्याचं नाव आहे ‘गो बिटवीन ब्रिज’.