बारामतीचा किरण, कोलकात्याचे मखर

गणपती चार दिवसांवर आले होते आणि आमच्या टॉलीगंजच्या घरातल्या मागच्या खोलीत मखराची जाळी अर्धवट कापून पडली होती. डावीकडची वेलबुट्टी अशी सुबक, की हाताने अलगद सुटून यावी. उजवीकडची मात्र नुसती करपलेली. पातळ प्लायवूडचा तुकडा उलटा करून पाहावा, तर मागे चिरेचा पत्ताच नाही.

यंत्र आमच्या मुलाने दिलेले. बाबा निवृत्त झाले, दिवसभर बाल्कनीत बसून ट्राम मोजतात, असे त्याला वाटले असावे. आल्यापासून ह्यांचा दिवस त्या खोलीत जाऊ लागला. पाट्या, कंदील, नातवाची कोडी, एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. यंदा घरच्या गणपतीचे मखर त्यावर करायचे, असे त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते.

"ताकद वाढवतो जरा, म्हणजे कापेल," हे म्हणाले.

"बाबा, थांबा. ताकद कमी असती तर दोन्हीकडे कापले नसते. एका बाजूला कापते, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे किरण वाट चुकतोय," मुलगा फोनवरून म्हणाला.

त्या एका वाक्याने आमची नळी वाचली आणि मखरही.

हा किरण आला कुठून?

या यंत्राचे मूळ आपल्या ओळखीच्या गावात आहे. सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीला झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि पुढे बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तिथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर जगापुढे आणला. नायट्रोजनचे रेणू विजेतून ऊर्जा घेतात आणि ती कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतात, त्यामुळे किरणाची ताकद पुष्कळ वाढते, हे त्यांनी दाखवले. १९९६ साली अमेरिकेने त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. कारखान्यातला पत्रा कापणाऱ्या आणि शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या कितीतरी लेसरांचे मूळ तेच. घरगुती यंत्रातली काचेची नळीही त्याच घराण्यातली.

कोलकात्याचेही प्रकाशाशी जुने नाते आहे. प्रकाशकणांची गणती कशी करावी हे १९२४ साली सांगणारे सत्येंद्रनाथ बोस याच शहरात जन्मले. १९२८ साली रामन यांना त्यांचा प्रसिद्ध परिणाम दिसला, तोही बहूबाजारातल्या संस्थेत. आमच्या मागच्या खोलीतले काम त्यापुढे अगदीच किरकोळ, पण प्रकाशाचा स्वभाव तोच.

तीन आरसे, एक भिंग

नळी यंत्राच्या मागच्या बाजूला आडवी असते. तिच्यातून निघालेला किरण पहिल्या आरशावर आपटून वळतो. दुसरा आरसा पुढेमागे सरकणाऱ्या दांड्यावर असतो, तिसरा डावीउजवीकडे फिरणाऱ्या मुंडीत. तिथून किरण खाली वळतो आणि भिंगातून एका बिंदूवर एकवटतो. पहिल्या आरशाचा कोन केसभर चुकला, तरी जवळच्या कोपऱ्यात ते कळत नाही. लांबच्या कोपऱ्यात मात्र किरण भिंगाच्या कडेला घासतो आणि ताकद तिथेच वाया जाते.

म्हणून रोग आधी ओळखावा. सगळीकडे सारखेच कमी कापत असेल, तर भिंग किंवा आरसा मळलेला आहे, भिंगापासून लाकडाचे अंतर चुकले आहे किंवा नळी थकली आहे. फक्त लांबच्या कोपऱ्यात कापत नसेल, तर आरसे जुळवावेत. ताकद वाढवणे हे दोन्हींवर औषध नव्हे. चाळीस वॅटच्या नळीला पंधरा-सोळा मिलिअँपिअरपुढे रोज पळवले, की तिचे आयुष्य घटते.

जुळवणी अशी करावी

दुसऱ्या आरशाच्या चौकटीवर, आरशाला न टेकवता, कागदी चिकटपट्टी लावावी. दांडा पहिल्या आरशाजवळ आणून, झाकण बंद करून, चाचणीचे बटण क्षणभर दाबावे. पट्टीवर करपलेला ठिपका उमटतो. मग दांडा लांब नेऊन पुन्हा दाबावे. ठिपके दोन पडले, तर पहिल्या आरशामागचे स्क्रू थोडे थोडे फिरवून लांबचा ठिपका जवळच्यावर आणावा. इथे बहुतेकांची चूक होते. ते ठिपका मधोमध आणायला बघतात. मधोमध नको, आधी दोन्ही ठिपके एक हवेत.

मग तीच रीत मुंडीसाठी. पट्टी मुंडीच्या भोकावर लावावी, मुंडी डावीकडे आणि मग उजवीकडे नेऊन ठिपके पाहावेत आणि आता दुसऱ्या आरशाचे स्क्रू फिरवावेत. शेवटी चारही कोपरे तपासावेत. चारही ठिकाणी ठिपका एक, पण भोकाच्या मध्यावर नाही, असे झाले तर स्क्रूंना हात न लावता नळी किंवा आरशाची बैठक वरखाली करावी.

आमच्याकडे पहिल्या आरशाचा एक स्क्रू ढिला निघाला. मागच्या आठवड्यात आरसा पुसताना तो हलला होता. तेवढ्यात हे झाकण उघडून आत वाकले, "नेमका कुठे पडतो ते बघतो" म्हणून. मी ओरडले. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळा आणि कातडी दोन्ही भाजतो. झाकण उघडे ठेवून बटण दाबायचे नाही आणि स्क्रू फिरवताना यंत्राची वीज बंद ठेवायची, हे त्या दिवशी घरात ठरले. नळीला पंधरा हजार व्होल्टपेक्षाही जास्त दाब मिळतो, म्हणून पक्के अर्थिंग हवेच. वीज बंद केल्यावरही थोडा वेळ तिच्या टोकांना हात लावू नये.

पावसाळ्याची गोम

नळीभोवती सतत गार पाणी फिरावे लागते. ते शुद्ध, ऊर्ध्वपातित असावे, नळाचे नको. ते तीस अंशांपुढे जाऊ नये. मग बर्फाच्या बाटल्या बादलीत सोडाव्यात असे वाटते. ह्यांनी तेच केले. पण पावसाळ्यात कोलकात्याची हवा इतकी दमट असते, की पंचवीस-सव्वीस अंशांखालच्या वस्तूवर दव धरते. सरबताचा पेला कसा घामाघूम होतो, तसे नळीचे झाले आणि टोकाशी ठिणगीचा तडतडाट ऐकू आला. नशिबाने आम्ही लगेच बंद केले. आता खिडक्या लावून तासभर आधी एसी सुरू करतो. हवा कोरडी झाली, की पाणी बेताचे गार ठेवता येते. बर्फ कायमचा बाद.

बाकीची निगा घरकामासारखीच. भिंग आणि आरसे आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसाने, न रगडता, यंत्र गार असताना पुसावेत. भिंगाचे रसायन विषारी आहे, तुटले तर तुकड्यांना उघड्या हाताने शिवू नये. भिंगाची फुगीर बाजू वर ठेवावी. धूर बाहेर टाकणारा पंखा रोज पाहावा. रेक्झिन कधीच कापू नये. त्यात बहुधा पीव्हीसी असते आणि त्यातून निघणारा वायू फुप्फुसाला आणि यंत्राला, दोघांनाही खातो. आणि कापणे चालू असताना खोली सोडायची नाही. दूध उतू जाते, इथे आग लागते.

हरतालिकेच्या रात्री साडेअकराला शेवटची जाळी सुटली. उजवा कोपरा डाव्यासारखाच स्वच्छ. हे काही बोलले नाहीत, तुकडा दिव्यासमोर धरून नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी आरतीला आलेल्या शेजारच्या बौदींनी मखर कुठून आणले असे विचारले, तेव्हा मी ह्यांच्याकडे बोट दाखवले. त्यांनी मात्र पहिल्या आरशाच्या स्क्रूची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली.