मठाची भिंत : कुंपण आणि तट

भिंतीने वेढलेली बाग ही युरोपीय साहित्यातील एक रूढ प्रतिमा आहे. बायबलमधील ‘गीतरत्न’ या पुस्तकातील बंदिस्त बागेला मध्ययुगीन भाष्यकारांनी मरियेच्या कौमार्याचे प्रतीक मानले. तेराव्या शतकातील ‘रोमान द ला रोज’ या फ्रेंच रूपककाव्यात तीच बाग प्रेमाची झाली. मात्र तिच्या भिंतीच्या बाहेरील बाजूवर द्वेष, वार्धक्य, दारिद्र्य यांच्या आकृती रंगविलेल्या आहेत. आत कोणाला प्रवेश नाही, हे ती भिंतच सांगते. या प्रतिमेची बाहेरील बाजू अभ्यासात बहुधा दुर्लक्षित राहते. ती प्रत्यक्षात कशी होती, हे इंग्लंडमधील सफक परगण्यातील बरी सेंट एडमंड्स येथे पाहता येते.

येथील बेनेडिक्टाइन मठ 1539 मध्ये विसर्जित झाला. त्यानंतर इमारतींचे घडीव चिरे लोकांनी काढून नेले. उरला तो भिंतींच्या पोटातील गारगोटी व चुन्याचा ओबडधोबड गाभा. या अवशेषांभोवती 1831 पासून वनस्पती-उद्यान वाढविण्यात आले आणि आज तेथे सार्वजनिक बाग आहे. मठाच्या आवाराची जुनी भिंत काही भागांत टिकून आहे. लार्क नदीवर ती एका कमानदार पुलावरून पलीकडे जाते. आतून पाहणाऱ्याला ती बागेचेच अंग वाटते.

मराठीत बागेला ‘कुंपण’ असते आणि किल्ल्याला ‘तट’. पहिल्या शब्दात राखण्याचा भाव आहे, दुसऱ्यात प्रतिकाराचा. इंग्रजीतील ‘वॉल’ हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो आणि त्यामुळे त्यांतील भेद झाकला जातो. बरीची भिंत आतून कुंपण होती, बाहेरून तट. नगरातील बाजार, जकात व न्यायदान यांवर मठाची सत्ता होती. स्वायत्ततेची सनद मागणाऱ्या नागरिकांनी 1327 मध्ये मठावर हल्ला करून तो लुटला. त्यानंतर नव्याने बांधलेले महाद्वार कोरीव कामाने व कोनाड्यांनी शोभिवंत दिसते. पण त्याच दर्शनी भागात बाण सोडण्यासाठी फटी ठेवल्या आहेत. 1381 च्या शेतकऱ्यांच्या उठावात मठाच्या उपप्रमुखाचा शिरच्छेद झाला.

साहित्याने यातील काय टिपले, हा तौलनिक अभ्यासाचा खरा प्रश्न आहे. या मठातील जोसलिन या भिक्षूची लॅटिन बखर 1173 ते 1202 या काळाची आहे. कापणीच्या वेळी मठाला द्यावयाचा कर गरिबांना देता आला नाही, की मठाचे नोकर त्यांच्या घरची दारे व तिवया उचलून नेत आणि म्हाताऱ्या बायका चात्या घेऊन त्यांच्या अंगावर धावत, असे तो नोंदवितो. बखरकार आतला असला, तरी त्याच्या लेखनात बाहेरचा आवाज शिरला आहे.

ही बखर 1840 मध्ये मुद्रित झाली. थॉमस कार्लाईल याने 1842 मध्ये बरीला भेट दिली आणि तिच्या आधारे ‘पास्ट अँड प्रेझेंट’ (1843) हा ग्रंथ लिहिला. औद्योगिक इंग्लंडमधील बेकारी व अनास्था यांवर उपाय म्हणून त्याने मठाधिपती सॅमसनच्या कणखर शासनाचा आदर्श मांडला. म्हाताऱ्यांचा प्रसंग त्याच्याही ग्रंथात आहे. परंतु तेथे तो विनोदाच्या अंगाने येतो. जोसलिनच्या लेखनातील तक्रार कार्लाईलच्या हाती करमणूक होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकाने भग्न मठातून सुव्यवस्था निवडली. त्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे मागे पडले.

भग्नावशेषांतील शांतता ही मध्ययुगाची देणगी नव्हे, ती नंतरच्या वाचनाची निर्मिती आहे. ज्या तटावर नागरिक चालून गेले, त्याच्या आत आज त्यांच्याच नगराची बाग आहे. बंदिस्त बागेच्या प्रतिमेचा अभ्यास करताना म्हणूनच भिंतीच्या दोन्ही बाजू वाचाव्या लागतात : आतील रूपक आणि बाहेरील इतिहास.