कॅमेऱ्याचा लवाजमा आणि मनोरीची खारी हवा

दिवाळीचा बोनस आणि कॅमेऱ्याची दुकानं यांचा घरोबा जुना आहे. पूर्वी त्यासाठी फोर्टातल्या बोरा बाजारात चक्कर व्हायची, आता बोटाच्या एका टिचकीवर खोकं दारात येतं. कॅमेरा एकदाच घेतला जातो, त्याचा लवाजमा मात्र वर्षानुवर्षं वाढत राहतो. ट्रायपॉड, फिल्टर, जादा बॅटऱ्या, कार्डं, पट्टे आणि हे सगळं भरायला आणखी एक पिशवी. प्रवासात कुरकुर सुरू होते ती याच लवाजम्याची. पाय अडकतो, फिल्टर सुटत नाही, कार्ड वाचलं जात नाही, आणि समोरचा सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही.

माझं म्हणणं असं, की यातल्या बहुतेक तक्रारी वस्तूच्या नसतात, जागेच्या असतात. जागेचा स्वभाव कळला की निम्म्या तक्रारी उद्भवत नाहीत आणि पिशवीही निम्मी होते. हे पडताळायला हिमालयात जायला नको. मालाड पश्चिमेहून बस धरायची, मार्वे जेट्टीवर उतरायचं आणि फेरीबोटीत चढायचं. काही मिनिटांत पलीकडे मनोरी.

बेटावरची मुंबई

मनोरी, गोराई, उत्तन, डोंगरी ही गावं ज्या भूभागावर आहेत त्याला धारावी बेट म्हणतात. शीव-माहीमजवळची धारावी ती वेगळी. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत, 1739च्या मार्चमध्ये, मराठ्यांनी इथला धारावीचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि वसईची नाकेबंदी आवळली. आजही भाईंदरकडून रस्त्याने यायचं किंवा मार्वे-बोरिवलीकडून खाडी ओलांडायची, एवढेच दोन मार्ग. त्यामुळे पश्चिम उपनगराच्या कुशीत असूनही इथे कोळीवाडा, ताडामाडांची झाडं, क्रूस असलेले चौक आणि लाकडी सज्ज्यांची जुनी घरं टिकून आहेत. छायाचित्राला लागणारं सगळं एका सकाळच्या पायपिटीत सापडतं, आणि कॅमेऱ्याच्या सामानाला जे जे सोसत नाही तेही सगळं इथेच असतं: मीठ, वाळू, दमट हवा.

पहिली अडचण तर बेटावर पोचण्याआधीच गाठते. पश्चिम रेल्वेवर 25 डिसेंबर 2017ला पहिली वातानुकूलित लोकल धावली आणि कॅमेऱ्यांना नवीन दुखणं मिळालं. गारेगार डब्यातून मालाडच्या फलाटावर उतरून लगेच कॅमेरा काढला की काचेवर वाफ धरते. गार काचेवर दमट हवेतलं पाणी साठणारच. ते पुसत बसू नये, कारण पुसलं तरी पुन्हा धरतं, आणि लेन्स बदलायला गेलं तर तीच वाफ आत जाते. पिशवीची चेन लावलेली ठेवून सामानाला बाहेरच्या उष्णतेची सवय होऊ द्यावी. जेट्टीपर्यंतचा बसचा प्रवास त्यासाठी पुरतो.

मीठ दिसत नाही, पण असतं

फेरीबोट उघडी असते. माणसं, दुचाक्या, माशांच्या पाट्या सगळं एकत्र. वाऱ्यावर उडालेले तुषार कॅमेऱ्यावर बसतात, सुकतात, आणि मागे मिठाचा पातळ थर राहतो. कोरड्या हवेत तो निरुपद्रवी असतो. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाझरतं ते याच कारणाने. कॅमेऱ्यावर याचा अर्थ असा, की घरी आणून ठेवलेल्या सामानावर रात्रीतून खाऱ्या पाण्याचा थर तयार होतो. हे पाणी वीज वाहून नेतं आणि धातू खातं. फ्लॅशच्या बुटाचे संपर्कबिंदू हिरवट पडणं, बॅटरीच्या कप्प्यातली पट्टी काळवंडणं, ट्रायपॉडचे स्क्रू गंजून बसणं, या सगळ्यामागे हेच.

उपाय स्वस्त आहे: गोडं पाणी. घरी आल्याबरोबर सुती फडकं गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि कॅमेऱ्याचं अंग, लेन्सच्या कडा, पट्ट्याच्या कड्या पुसायच्या. मग कोरड्या फडक्याने टिपायचं. हे त्याच संध्याकाळी व्हायला हवं. संपर्कबिंदू मात्र पाण्याने पुसू नयेत. त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापसाचा बोळा पुरतो.

काचेवर वाळू असेल तर आधी फुंकणी, मग ब्रश, आणि फडकं सगळ्यांत शेवटी. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो. खिशातल्या रुमालाने काच पुसणं म्हणजे लेन्सवर पॉलिश पेपर फिरवणं. तोंडाने फुंकर मारणंही टाळावं, थुंकीचे कण उडतात. रबरी फुंकणी ही या साऱ्या लवाजम्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी वस्तू.

ट्रायपॉड वाळूत

मनोरीची किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळी तिथे ट्रायपॉडची रांग लागते. वाळूवर ट्रायपॉड उभा करताना आपण सवयीने वरचा जाड भाग आधी उघडतो. इथे उलट करावं. सर्वांत खालचा बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याचा सांधा पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. सांध्यात वाळू गेली की फिरवून आवळायचे पाय करकरतात आणि जोर लावला तर आटेच झिजतात. तसं झालंच, तर तिथल्या तिथे पाय आत ढकलू नये. घरी गोड्या पाण्याने धुऊन, सांधा उघडून, सुकवून मग बंद करावा. टिचकीच्या खटक्यांचे पाय दिसायला जुनाट, पण वाळूत साफ करायला सोपे.

लाटेच्या कडेला पाय रुततात. लाट परत फिरताना पायाखालची वाळू घेऊन जाते आणि दहा-पंधरा सेकंदांच्या छायाचित्रात क्षितिज हलतं. पाय आधीच दाबून पक्के रुतवावेत, किंवा बरणीची तीन रुंद झाकणं पायांखाली घालावीत. वारा असेल तर मधल्या आकड्याला पिशवी अडकवावी, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळणारी पिशवी झोके घेते आणि ट्रायपॉडलाही हलवते.

भिंतीवरचं कॅलेंडर

किनाऱ्यावर काय दिसेल हे लेन्सपेक्षा भरती-ओहोटी ठरवते, आणि तिचं गणित घराघरातल्या कॅलेंडरवर छापलेलं असतं. कोकणकिनाऱ्यावरचा जुना आडाखा सांगतो: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

छायाचित्रकारासाठी यातून सरळ हिशेब निघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे हटतं, आणि ओहोटी नेमकी सूर्यास्ताच्या सुमारास येते. तेव्हा मनोरीला ओल्या वाळूचा लांबरुंद पट्टा आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात, आकाशाचा रंग खाली उतरतो. अष्टमीच्या भांगात चढउतार कमी असतो, पण सूर्यास्ताला पाणी वर आलेलं असतं. खडकांवर फुटणाऱ्या लाटा हव्या असतील तर ती वेळ. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणून ऐन दिवाळीत ओली वाळू संध्याकाळी मिळते. मात्र ओहोटीत लांबवर चालत गेलेल्या माणसाने पाणी वळल्याचं भान ठेवावं. ट्रायपॉड घेऊन पळता येत नाही.

फिल्टरचं खूळ

लाटा धुक्यासारख्या दिसाव्यात म्हणून एनडी फिल्टर लावतात. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश साधारण हजारपट कमी करतो: सेकंदाच्या साठाव्या भागाचं छायाचित्र सोळा-सतरा सेकंदांचं होतं. सूर्य कलल्यावर सहा स्टॉपचा, म्हणजे 64 पट कमी करणारा, बहुतेक वेळा पुरतो. पोलरायझर सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर चांगला चालतो. सूर्यास्ताकडे तोंड करून तो लावला तर फारसं काही हाती लागत नाही, वर दीड-दोन स्टॉप प्रकाश जातो. सकाळी खाडीवर उत्तर किंवा दक्षिणेकडे पाहताना मात्र पाण्यावरची चकाकी तो छान काढतो.

खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमची कडी लेन्सच्या आट्यांना धरून बसते. तेव्हा बोटांनी चिमटीत पकडून पिळू नये, कडी दाबली जाऊन लंबगोल होते आणि आणखी अडकते. कडीभोवती रुंद रबरबँड घालावा, नाहीतर सपाट रबरी चपलेचा स्वच्छ तळवा सगळ्या कडीवर सारखा टेकवून हलकेच फिरवावं. पितळी कडीचे फिल्टर महाग असतात, पण सहसा अडकत नाहीत.

काचेच्या रक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर समुद्रावर असू द्यावा. रात्री दिव्यांच्या माळा टिपताना काढावा. दिव्याचा प्रकाश फिल्टर आणि लेन्सच्या मध्ये परावर्तित होऊन चित्रात हिरवट भुतं उमटतात. गोराईचं होली मॅगी चर्च तीन राजांच्या नावाचं आहे आणि 6 जानेवारी हा त्यांचा सण. रोषणाई टिपायला जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

कार्ड आणि बॅटरी

एसडी कार्डाच्या बाजूला असलेली इवलीशी कुलपाची पट्टी सैल झाली की कार्ड घालताना ती घसरते आणि कॅमेरा ‘कार्ड लॉक्ड’ म्हणतो. पट्टी वर सरकवून तिच्यावर पातळ चिकटपट्टी लावली की दिवस निभावतो. कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं. चुकून छायाचित्रं पुसली गेली तर त्या कार्डावर पुढे एकही चित्र घेऊ नये, परत मिळण्याची शक्यता तेवढीच. नामांकित कंपनीच्या नावाची नकली कार्डं बाजारात भरपूर आहेत. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, सगळं उघडतंय ना हे घरीच पाहावं.

सुट्या बॅटऱ्या नाणी-किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नयेत. दोन टोकं जोडली गेली तर बॅटरी तापते, पेटूही शकते. विमानाने जाताना त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

काय टिपावं, काय टाळावं

पावसाळा सरला की मनोरी-उत्तनच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टाकतात. दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवलेले, दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक. सकाळचं तिरकं ऊन मागून आलं की हे अर्धपारदर्शक मासे उजळून निघतात. इथे ट्रायपॉड, फिल्टर काही नको. हवी ती परवानगी. “मावशी, फोटो काढू का?” एवढं विचारलं की बहुधा हो मिळतो, आणि नाही मिळाला तर कॅमेरा खाली करावा. त्यांच्या कामाची वेळ आहे, आपल्या करमणुकीची नव्हे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणणारे हात दिसतात.

मनोरीतच ईस्ट इंडियन समाजाच्या जुन्या वस्तूंचं ‘मोबाई भवन’ आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1887 साली, इथल्या मराठीभाषक ख्रिस्ती लोकांनी हे नाव घेतलं. लुगडी, भांडीकुंडी, शेतीची अवजारं खिडकीच्या उजेडात टिपावीत.

गोराईच्या बाजूला विश्व विपश्यना पॅगोडा. 2009च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. उंची सुमारे 99 मीटर, आणि आत एकाही खांबाविना उभा असलेला दगडी घुमट. सोनेरी रंगावर दुपारी प्रकाशमापन फसतं, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली ओढावं. खाडीतल्या बोटीतून लांब पल्ल्याच्या लेन्सने तिवरांच्या हिरव्या कडेवर तो उत्तम दिसतो.

मार्वे रस्त्यावर नौदलाचा ‘आयएनएस हमला’ तळ आहे. त्या दिशेला कॅमेरा नको, ड्रोन तर मुळीच नको. ड्रोन नियम 2021 नुसार उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा पाहावा लागतो, आणि मुंबई पोलिसांची बंदीही वेळोवेळी असते. इथून कान्हेरीला जायचा बेत असेल तर ट्रायपॉड घरीच ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तो लावायला आधी परवानगी लागते.

कपाटातली बुरशी

सर्वांत मोठं नुकसान सहलीत होत नाही, कपाटात होतं. मुंबईच्या पावसाळ्यात चामडी पिशवीत बंद राहिलेल्या लेन्सवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात, आणि त्यांच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. सामान 40 ते 50 टक्के आर्द्रतेत ठेवावं. विजेचं ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरे. नारिंगी सिलिका ओल ओढून हिरवी पडली की सुमारे 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते. निळ्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं, तिला स्वयंपाकाच्या भांड्यांपासून दूर ठेवावं.

मुंबईत 1854 साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण ही मंडळी त्याच काळातली. तेव्हाच्या ओल्या काचपट्टीच्या तंत्रात रसायन फासायचं, छायाचित्र घ्यायचं आणि पट्टी सुकण्याच्या आत धुवायची. बाहेर काम करायचं तर अंधारा तंबूच बरोबर न्यायचा. त्या मानाने आपली पिशवी पिसासारखी हलकी आहे, आणि ती हलकीच राहू द्यावी. या दिवाळीत फुंकणी, दोन सुती फडकी, चार रबरबँड, पिशवीवर ओढायचं प्लास्टिक आणि सिलिकेचा डबा एवढं घ्या. उरलेल्या पैशांचे मनोरीहून परतताना सुके बोंबील आणा. फक्त ते कॅमेऱ्याच्या पिशवीत घालू नका. तो वास कुठल्याही फडक्याने निघत नाही.