एकट्याने, दुचाकीवर, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याहून लेहला किंवा काश्मीरहून कन्याकुमारीला मोटारसायकलवर एकट्याने जायचं ठरलं, की बहुतेकांची आखणी गाडीपासून सुरू होते. गाडी कोणती घ्यावी, किती सीसीची, टायर कोणते, मागे कॅरियर कसला, यातच महिने जातात. रोज किती तास चालवायचं, भर दुपारी काय करायचं, साडेतीन हजार मीटर उंचीवरची पहिली रात्र कुठे काढायची, हे प्रश्न निघायच्या आदल्या आठवड्यात आठवतात. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. आजच्या गाड्या सहसा दगा देत नाहीत. दमतो तो चालवणारा, आणि एकट्या माणसाला ‘आता थांब’ म्हणणारं बरोबर कोणी नसतं. म्हणून गाडीविषयीचा गैरसमज आधी उरकून घेऊ आणि मग महत्त्वाच्या गोष्टींकडे वळू.

‘एवढ्या लांब जायचं तर मोठ्या इंजिनाचीच गाडी लागते’

विशाखापट्टणमच्या भरद्वाज दयाला यांनी २००६-०७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती हिरो होंडा करिझ्मावर, म्हणजे २२३ सीसीच्या, आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या गाडीवर. भारतातले रस्ते, गावं आणि गुरंढोरं पाहता सत्तर-ऐंशीच्या वर वेग ठेवण्यात शहाणपण नाही आणि तेवढा वेग कमी सीसीची गाडीही देते. एकट्याच्या प्रवासात वजन जास्त महत्त्वाचं. दोनशे किलोची गाडी सामानासह ओढ्यात आडवी झाली, तर ती उचलायला दुसरं कोणी नसतं. शिवाय सर्रास खपणाऱ्या गाडीची क्लच वायर किंवा चेन तालुक्याच्या गावातही मिळते. महागड्या गाडीचा सुटा भाग मोठ्या शहरातून मागवावा लागतो.

उंचीवर प्रत्येक गाडीची ताकद घटते. दर हजार मीटरला साधारण दहा टक्के असा ढोबळ हिशेब धरा. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण हवेनुसार जुळवून घेतं, पण विरळ हवेतला ऑक्सिजन ते वाढवू शकत नाही. लहान गाडी खिंडीत पहिल्या गिअरवर चढेल, पण चढेल. त्यापेक्षा चेन ताणायला, क्लच वायर बदलायला आणि पंक्चर काढायला शिकून घ्या. ट्यूबलेस टायरमध्ये रबराची पट्टी खोचून दहा मिनिटांत काम होतं. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते, तिथे चाक उतरवावं लागतं. आपल्या गाडीला काय आहे, हे घरीच पाहून ठेवावं.

‘रोज पाचशे-सहाशे किलोमीटर आरामात होतात’

देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग, एनएच ४४, श्रीनगरहून निघतो आणि आपल्या नागपूरमार्गे कन्याकुमारीला पोहोचतो. अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर. त्याला सहाशेने भागलं की उत्तर येतं सहा-सात दिवस, आणि तेवढीच रजा टाकली जाते.

हा भागाकार फसवा आहे. पेट्रोल, चहा, जेवण, शहरातली कोंडी आणि खोदलेले रस्ते धरून दुचाकीची दिवसभराची सरासरी ताशी ४५ ते ५० किलोमीटरच पडते. म्हणजे सहाशे किलोमीटरला बारा-तेरा तास. पहिल्या दिवशी हे जमतं, उत्साह असतो. तिसऱ्या दिवशी पाठ, मनगटं आणि डोळे यांचा थकवा साठलेला असतो आणि तो एका रात्रीच्या झोपेने जात नाही. ताशी ८० च्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली, तर पासष्ट मीटर गाडी कोणीच चालवत नसतं.

सपाटीवर रोज तीनशे ते साडेतीनशे, हिमालयात दीडशेच्या आसपास, आणि दर चार-पाच दिवसांनी एक दिवस गाडीला हात न लावता काढायचा, हे माप धरावं. त्या मापाने एनएच ४४ ला दोन आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या ठिकाणी पोहोचायचे दिवस वेगळे. तेवढी रजा नसेल तर मार्ग निम्मा करावा. दिवसाचं अंतर वाढवून रजेत बसवलेला मार्ग मला कधीच मान्य होणार नाही.

‘खरा धोका घाटात, सरळ रस्त्यावर निर्धास्त’

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. त्याच वर्षी सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले. देशातला बहुतेक रस्ता सरळच आहे, त्यामुळे आकडा मोठा असणार, हे खरं. तरीही घाटाची धास्ती आणि सरळ रस्त्याची बेफिकिरी यांचा मेळ या आकड्याशी बसत नाही. वळणावर आपण सावध असतो. चौपदरी रस्त्यावर दोन तास गेले की लक्ष सुटतं, आणि नेमका तिथेच दुभाजकाच्या फटीतून ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतो किंवा मागचा दिवा नसलेला ट्रक डाव्या कडेला उभा असतो.

यालाच जोडून येतं रात्रीच्या प्रवासाचं आकर्षण: ऊन नाही, रस्ता मोकळा. अपघातांची नोंद सर्वांत जास्त होते ती संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात. खालच्या झोताचा दिवा चाळीस-पन्नास मीटर रस्ता दाखवतो. ताशी ८० वरून थांबायला, भान येण्याचा वेळ धरून, साठ-सत्तर मीटर लागतात. म्हणजे खड्डा किंवा म्हैस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मावळतीच्या आत मुक्कामी पोहोचायचं, हा नियम मी सगळ्या नियमांच्या वर ठेवतो.

मात्र मावळतीची वेळ घरच्या घड्याळावर ठरवू नका. भारत पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश रेखांशांत पसरला आहे आणि वेळ सगळीकडे एकच. त्यामुळे कच्छच्या टोकाला सूर्य मावळतो त्याच्या जवळजवळ दोन तास आधी अरुणाचलच्या टोकाला अंधार झालेला असतो. तिकडे हिवाळ्यात पाचच्या आत दिवस संपतो. ईशान्येकडे निघालेल्याने पहाटे पाचला किक मारावी आणि तीनला मुक्काम गाठावा.

‘नवे द्रुतगती मार्ग आहेत, झटकन जाऊ’

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग, या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे. फोनमधला नकाशा मुळात चारचाकीचा रस्ता दाखवतो. त्यात दुचाकीचा पर्याय निवडल्यावरच खरं अंतर आणि खरे तास कळतात. टोलचं म्हणाल तर राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकीला तो नाही. २०२५ च्या जूनमध्ये ‘दुचाकीलाही टोल’ अशी आवई उठली होती, ती नितीन गडकरींनी लगेच फेटाळली.

‘दिवाळीनंतर देशभर हवा छान’

आपल्याकडे छान. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा, म्हणजे तिथल्या मुख्य पावसाचा काळ. त्या वेळेपर्यंत लडाखच्या खिंडी बर्फाने बंद व्हायला लागलेल्या असतात. उलट जुलै-ऑगस्टमध्ये लेह कोरडं असतं, कारण ते हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. पण तिथे पोहोचायचा हिमाचलचा रस्ता तेव्हा दरडींनी तुटत असतो. काश्मीर ते कन्याकुमारी एका दमात, आणि सगळीकडे हवा अनुकूल, असा महिना कॅलेंडरमध्ये नाही. सप्टेंबरच्या मध्याला उत्तरेकडून निघून दक्षिणेला उतरणं त्यातल्या त्यात बरं.

उन्हाळ्याविषयी एक घातक समज आहे: गाडी चालू असली की वारा लागतो, ऊन बाधत नाही. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण पस्तीस अंशांपेक्षा गरम झाली, की वाऱ्याने अंगाला उष्णताच मिळते. घाम लगेच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. मे महिन्यात नागपूर-आदिलाबादच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तिथे जॅकेट काढून उघड्या हातांनी चालवणं चुकीचं आहे. जॅकेट अंगावर, आतला सुती शर्ट ओला, आणि बारा ते चार सावलीत विश्रांती.

‘मी तंदुरुस्त आहे, मला उंची लागणार नाही’

जीव घेणारा गैरसमज हाच आहे. उंचीचा आजार व्यायाम करणाऱ्यालाही होतो. तो ठरतो किती वेगाने वर गेलात आणि कुठे झोपलात यावर. साधारण तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक दिवस थांबावं, ही डॉक्टरांची सर्वमान्य शिफारस आहे.

आता लेहचे दोन रस्ते पाहा. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, सोनमर्ग २,७०० च्या आसपास, मग साडेतीन हजारांची झोजिला ओलांडून पुन्हा खाली २,७०० वर कारगिल, आणि शेवटी ३,५०० वर लेह. शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. मनालीचा रस्ता वेगळा. मनाली दोन हजारांवर, जिस्पा ३,२०० वर, आणि तिथून एका दिवसात ४,८९० मीटरची बारालाचा खिंड ओलांडून सुमारे ४,३०० वरच्या सरचूला मुक्काम. म्हणजे झोपायची उंची एका रात्रीत हजार मीटरने वाढते. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला तेव्हापासून लाहौल फार जवळ आलं. पूर्वी रोहतांगमध्ये दिवस मोडायचा. आता सकाळी मनाली सोडलेला माणूस त्याच दिवशी सरचूला टेकू शकतो, आणि म्हणूनच जपायला हवं.

या रस्त्यात आणखी एक पेच आहे. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण सरचूच्या पुढे पांगला त्रास सुरू झाला तर पुढे ५,३२८ मीटरचा तांगलांगला, मागे ५,०५९ मीटरचा लाचुंगला. खाली जायला आधी वर चढावं लागतं. म्हणून जाताना श्रीनगरमार्गे जावं आणि परतताना, अंगाला सवय झाल्यावर, मनालीमार्गे उतरावं. मनालीकडूनच चढायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढाव्यात.

डोकेदुखी, मळमळ आणि भूक मरणं ही पहिली चिन्हं. तोल जाणं, जीभ जड होणं, बसल्या जागी धाप लागणं ही धोक्याची. ही दुसरी चिन्हं बरोबरच्या माणसाला आधी दिसतात, आपल्याला नाही, आणि इथे बरोबर कोणी नाही. रोज संध्याकाळी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहा. ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना सांगून ठेवा की सकाळी उठवायला या. कापराची पुडी हुंगल्याने तरतरी वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. डायमॉक्स हे औषध उपयोगी असलं तरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. दारू पहिले काही दिवस वर्ज्य.

जाता जाता: खार्दुंगला हा जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता नाही. पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं असलं तरी खरी उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट. हानलेजवळचा उमलिंगला त्याहून चारशे मीटरने उंच आहे. पाटीपाशी फोटो काढा आणि पंधरा मिनिटांत उतरा.

‘फोनमध्ये सगळं आहे’

डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी २०१८ पासून ग्राह्य आहे, हे बरोबर. पण जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. तेही मनाली-लेहच्या मधल्या टापूत गप्प होतं. कागदी प्रती जवळ असाव्यात. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला इनर लाइन परमिट भारतीयांनाही लागतं. ते निघण्याआधी काढावं. विम्याचं पानही वाचा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही.

‘एकट्याला काही झालं तर कोणी हात लावणार नाही’

घरच्यांची ही भीती समजण्यासारखी आहे. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं, त्यानुसार जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार मिळण्याची योजना लागू आहे. आपत्तीत ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. धाब्यावरचा माणूस, ट्रकचा ड्रायव्हर, सीमा सडक संघटनेचे मजूर, रस्त्यावर पहिली मदत यांच्याकडूनच येते.

त्यांना मदत करणं सोपं जाईल एवढं आपण करावं. हेल्मेटच्या आत आणि पाकिटात रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचे दोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. घरी एका माणसाकडे रोजचा मार्ग आणि मुक्काम लिहून द्या. अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर त्याने काय करायचं, आधी कोणाला फोन करायचा, हेही त्यातच लिहा. नेटवर्क नसलेल्या दिवसांची यादी त्याला आधीच द्यावी, म्हणजे उगाच घबराट होत नाही आणि खरी वेळ आली तर हालचाल वेळेत होते.

आखणीतून हमखास सुटतो तो परतीचा प्रवास. लेह गाठलं की मन सैल पडतं, रजा संपत आलेली असते, आणि तेच अडीच हजार किलोमीटर घाईने कापायचे असतात. दिवस कमी असतील तर जम्मू किंवा चंदीगडहून गाडी रेल्वेच्या पार्सलने घरी पाठवा. टाकी पूर्ण रिकामी, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती, दिवे आणि आरसे नीट बांधलेले, एवढी तयारी लागते. सगळं अंतर चाकांवर झालंच पाहिजे, असा नियम कोणी केलेला नाही.