डावा हात, ओली शाई

‘पाऊस’ हा शब्द शाईच्या पेनानं लिहून वर रेघ ओढायची, एवढंच काम. पण डावखुऱ्याच्या हातून तो शब्द दोनदा पुसला जाण्याची भीती असते. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, त्यामुळे डावा हात कायम नुकत्याच लिहिलेल्या मजकुराच्या बाजूला असतो. अक्षरं काढताना तो मागच्या शब्दांवरून सरकतो. मग शिरोरेघेसाठी मागे येतो आणि ओल्या अक्षरांवरून पुन्हा पुढे जातो. करंगळीखालची कड निळी होते ती इथं. मुलाला ‘गबाळा’ म्हणण्याआधी मोठ्यांनी हे एकदा नीट पाहावं.

दुसरी अडचण निबेची. निबेच्या दोन पात्यांमधल्या बारीक चिरेतून केशाकर्षणानं शाई टोकाशी येते. उजवा हात आडवी रेघ ओढतो, डावा ती ढकलतो. ढकलताना टोक कागदाच्या तंतूंत रुततं, खरखरतं, मधेच शाई तुटते. रोमन लिपीत आडव्या रेघा थोड्या. मराठीत मात्र प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक.

यावर सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे: कागद फिरवा. वही घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तिरकी करावी, अगदी पंचेचाळीस अंशांपर्यंत, आणि हात ओळीच्या खाली ठेवावा. मग तीच शिरोरेघ वरून खाली, आपल्याकडे ओढली जाते आणि तळवा ओल्या शाईवर येत नाही. काहीजण मनगट वाकवून ओळीच्या वरून लिहितात. त्यांची सवय मोडायचा हट्ट धरू नये. त्यांना लवकर वाळणारी शाई द्यावी.

जर्मनीच्या लॅमी कंपनीची डावखुऱ्यांसाठी वेगळी घासलेली निब मिळते. तरी माझ्या मते आधी साधी, गोल टोकाची बारीक निब घ्यावी. बारीक निब शाई कमी सोडते, म्हणून अक्षर लवकर वाळतं. जपानी ‘फाइन’ युरोपीय ‘फाइन’पेक्षा सहसा बारीक असते. चपट्या, धारदार कडेच्या निबा ढकलताना अडकतात. त्या सुरुवातीला नकोत. कागदही पाहून घ्यावा: गुळगुळीत, चकचकीत कागदावर शाईचा रंग खुलतो, पण ती वाळायला वेळ लागतो. दुकानात एक शब्द लिहून पाच, दहा, पंधरा सेकंदांनी त्यावरून बोट फिरवावं. कुठली शाई आपली, ते तिथंच कळतं. आणि वहीत टिपकागद असावाच.

डाव्या हाताला कमी लेखणाऱ्यांना ‘हिंद स्वराज’ची हकीकत सांगावी. नोव्हेंबर 1909 मध्ये ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर गांधीजींनी ते गुजरातीत लिहिलं. उजवा हात थकला तेव्हा ते डाव्या हातानं लिहीत राहिले. हस्तलिखिताच्या 275 पानांपैकी सुमारे 40 पानं डाव्या हाताची आहेत.

आपल्या जुन्या लेखनपद्धतीतही डावखुऱ्याच्या उपयोगाचं बरंच आहे. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ मारत आणि मग तिला अक्षरं लटकवत. देवनागरीत तसं केलं, तर हाताची एक फेरी वाचते. बोरूचं तर नवलच. देवनागरीसाठी त्याचं टोक रोमन लिपीच्या उलट बाजूला तिरकं छाटतात, कारण या लिपीला लागणारा टोकाचा कोन उजव्या हाताला सहज साधत नाही. ओळीखालून लिहिणाऱ्या डाव्या हाताला तो सरळ छाटलेल्या टोकानंही साधतो. म्हणून सुलेखन शिकू पाहणाऱ्या डावखुऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी सरळ टोकाचा बोरू द्यावा.