लिमरिकचं परीक्षण : आधी कानांनी, मग पेनानं

हौशी लिमरिक स्पर्धेचं परीक्षण म्हणजे सोपं काम, असं मलाही वाटायचं. पाच ओळी. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या ओळीचं एक यमक, मधल्या दोन आखूड ओळींचं दुसरं. 1846 साली आलेल्या एडवर्ड लिअरच्या ‘अ बुक ऑफ नॉनसेन्स’नं हा प्रकार इंग्रजीत लोकप्रिय केला. साचा ठरलेला, मग तपासायला अवघड काय?

एका स्पर्धेत मी पेन घेऊन मात्रा मोजत बसलो. एका बाईंची रचना ‘मात्रा जुळत नाहीत’ असा शेरा मारून बाजूला ठेवली. बक्षीस समारंभात त्यांनी ती वाचून दाखवली आणि सभागृह खळखळून हसलं. निकाल तोवर जाहीर झाला होता.

चूक कुठे झाली? त्यांची रचना इथे सांगत नाही, पण त्याच धाटणीची एक मी जुळवून आणलीय :

एक काका राहायचे वाईला,
रोज भ्यायचे घरच्याच गाईला.
ती हंबरली जरा
की घामाचा झरा!
दूध काढायला धाडायचे आईला.

(हशा)

आता मोजा. पहिल्या ओळीत 20 मात्रा, शेवटच्या ओळीत 23. कागदावर नापास! पण टाळी वाजवत म्हणून बघा : ‘एक काका – राहायचे – वाईला’, ‘दूध काढायला – धाडायचे – आईला’. इथे तीन ठोके, तिथेही तीन. बसलं की नाही? मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण गिळतो. ‘दूध’ लिहिताना तीन मात्रा, म्हणताना मात्र ‘दूध्’. वृत्तातली कविता मात्रांवर तोलावी, हे खरंच. पण अशी बोलीतली लिमरिक ठोक्यांवर चालते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी मोठ्यानं वाचायचं, मग दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं. कारण अडखळणारी ओळ आपण नकळत सावरून घेतो. मग यमक. मग पाचवी ओळ. लिअर तिथे बऱ्याचदा पहिल्या ओळीचाच शेवटचा शब्द परत आणायचा. आजचे श्रोते मात्र तिथे कलाटणी मागतात. आणि शेवटी, हसू कुणावर? काकांच्या भित्रेपणावर हसा खुशाल. जातीवर, रंगावर, व्यंगावर बेतलेली रचना कितीही तालात असली तरी मी तिला बक्षीस देत नाही.

त्या बाईंना नंतर भेटून मी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “सर, भाकऱ्या थापताना जुळवली होती हो. कागदावर नंतर उतरवली.”