फवारणीचे विष आणि रॉटरडॅमचा करार

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन चार-आठ दिवस झाले असतील. दिवेलागणीला एका मजुराला दोघांनी धरून दवाखान्यात आणले. अंग घामाने निथळत होते, तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दंडाचे स्नायू थडथड उडत होते. सोबतचे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऊन लागलं याला." बॅटरी लावून पाहिले तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उन्हाने असे होत नाही. "फवारलं काय?" विचारले, तर उत्तर आले, "केंद्रवाल्यानं दिलं ते."

ॲट्रोपीन सुरू केले आणि त्याच्या भावाला बाटली आणायला शेतात पिटाळले. नाव निघाले मोनोक्रोटोफॉस. मजूर पुढे मोठ्या रुग्णालयात आठ दिवस राहून घरी परतला.

सगळ्यांच्या नशिबी हे नसते. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, त्यामुळे तुषार सरळ नाकातोंडावर येत. त्यानंतर राज्य शासनाने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर 60 दिवसांची बंदी घातली. त्या जिल्ह्यांत आपला बुलढाणाही होता.

आता वाचक म्हणतील, डॉक्टरांनी औषधपाण्याचे सांगावे, परदेशातल्या करारांचे कशाला? पण संबंध आहे. 1998 साली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे एक करार झाला. तो 2004 पासून लागू झाला आणि 2005 मध्ये भारत त्यात सामील झाला. करार कोणत्याही विषावर बंदी घालत नाही. यादीतले रसायन दुसऱ्या देशाला विकायचे तर आधी धोका सांगा आणि घेणाऱ्याची संमती घ्या, एवढेच तो म्हणतो. मोनोक्रोटोफॉस त्या यादीत आहे. आपल्याकडे भाजीपाल्यावर ते वापरायला 2005 पासूनच मनाई होती, तरी कपाशीसाठी दुकानात मिळत राहिले. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात ते मिसळले जाऊन 23 मुले गेली. 36 टक्क्यांचे मोनोक्रोटोफॉस बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघायला 2023 साल उजाडले.

यादीत नवे नाव घालायला सर्व देशांचे एकमत लागते. त्यामुळे पॅराक्वाट हे तणनाशक बैठकीमागून बैठक बाहेरच राहिले. पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. आम्ही डॉक्टर नुसते बघत बसतो, असे लिहायला लाज वाटते, पण खरे तेच आहे.

मात्र करारात एक चांगली सोय आहे. प्रत्यक्ष शेतात वापरताना बाधा झाल्याच्या नोंदी असतील, तर गरीब देशही नाव सुचवू शकतो. आफ्रिकेतल्या चाडने फेन्थिऑनच्या एका तीव्र प्रकाराचे नाव असेच सुचवले आणि 2025 मध्ये ते यादीत आले. म्हणजे खेड्यातल्या केसपेपरवर नुसते 'विषबाधा' न लिहिता रसायनाचे नाव लिहिले, तर ते जिनिव्हापर्यंत पोचू शकते. आमच्या व्यवसायबंधूंनीही हे मनावर घ्यावे. मी स्वतः कित्येक वर्षे ते लिहीत नव्हतो.

लेबलवरचा चौकोन पाहून घ्या. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. नोझल तोंडाने फुंकू नका, वाऱ्याच्या तोंडी फवारू नका. विष कातडीतूनही शिरते, म्हणून त्रास वाटताच भिजलेले कपडे काढून साबणाने अंग धुवा. बळजबरीने उलटी करवू नका, 108 ला फोन करा. बाटली आणायला कुणी धजत नसेल, तर लेबल तेवढे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. फाटलेले चालेल, नाव वाचता आले म्हणजे झाले.